मजूर मिळत नाहीत. मग मजुराला काय मिळते?

नामपूरच्या बाजार समितीच्या आवारात हंगामाच्या दिवसांत अर्धा तास उभे राहिले की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक कांद्याच्या भावाची आणि दुसरी ‘मजूर मिळत नाहीत’ ही. पहिल्या तक्रारीवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात. दुसरीवर कुणी फारसे थांबत नाही, कारण तिचे उत्तर सर्वांना ठाऊक असल्यासारखे वाटते. मजूर दुर्मिळ झाला म्हणजे मजुराची चांदी झाली! माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असले की भाव चढतो, हा बाजाराचा नियमच आहे. कांद्याला तो लागू पडतो, तर हातांना का पडू नये?

पण कांद्याला तरी तो कुठे नेहमी लागू पडतो? ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा वर सरकू लागताच केंद्र सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. तेवढ्याने भागले नाही म्हणून ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली. ती ४ मे २०२४ ला उठली, शुल्क मात्र पुरते जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. टंचाईचा फायदा कांदा उत्पादकाला मिळू लागला की मधे कुणीतरी हात घालतो, हे बागलाणच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मजुराच्या बाबतीत असाच हात घातला जातो की नाही, आणि घातला जात असेल तर तो कोणाचा, हे पाहण्यासारखे आहे. आमचे बहुतेक वाचक व्यापारी, कारखानदार किंवा कारागीर आहेत. म्हणजे या प्रश्नाच्या एका ना एका बाजूला ते उभेच आहेत.

मोसम खोऱ्यातील टंचाई

प्रथम टंचाई कशी निर्माण होते ते पाहू. मोसम नदीच्या काठचे नामपूर, वरच्या अंगाला जायखेडा, ताहाराबाद, खालच्या अंगाला अंबासन आणि पुढे मालेगाव, हा सारा पट्टा उन्हाळ कांद्याचा. रोप साधारण दोन महिन्यांचे झाले की ते उपटून लावावेच लागते. थांबले तर रोप जून होते आणि कांदा बिघडतो. त्यामुळे लागवड डिसेंबर-जानेवारीच्या आगेमागे एकदमच येते, आणि काढणी मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा एकदमच येते. काढणीच्या वेळी आभाळ भरून आले तर मग विचारायलाच नको. अवकाळी पावसात भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, म्हणून जो तो आजच्या आज मजूर हवा म्हणून धावतो. हीच स्थिती त्याच आठवड्यात कळवण, देवळा आणि मालेगाव तालुक्यांत असते. शिवाय त्याच थंडीच्या दिवसांत साखर कारखान्यांची तोड चालू असते. ताहाराबादजवळ शेवरे येथे द्वारकाधीश साखर कारखाना आहे, त्याचे ऊसतोड मजूर वेगळेच.

हे हात येतात कोठून? काही गावातले, बाकी पश्चिमेकडील साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ भागातले, कळवण-सुरगाण्याकडचे, बहुतेक आदिवासी. पिकअप गाडीत दाटीवाटीने बसून भल्या पहाटे येतात, किंवा हंगामभर शेतावरच झोपडी टाकून राहतात. लागवडीत बायका अधिक असतात. कमरेतून वाकून दिवसभर चिखलात रोप टोचण्याचे हे काम ज्याने पाहिले आहे, त्याने मजुरी ‘फार’ झाली असे म्हणण्यापूर्वी क्षणभर तरी विचार करावा.

टंचाईमुळे एक बदल निश्चित झाला आहे. रोजंदारी मागे पडली आणि मक्ता पुढे आला. पूर्वी शेतकरी माणशी रोज ठरवीत असे, आता टोळी एकराचा मक्ता ठरवते. अलीकडच्या हंगामांत लागवडीसाठी एकरी दहा-बारा हजारांचे बोल ऐकू येतात. रोजंदारीत बाईला पुरुषापेक्षा कमी देण्याची जुनी खोड १९७६ च्या समान वेतन कायद्यालाही मोडता आली नव्हती. मक्त्यात ती निदान सैल पडते, कारण टोळीत वाटणी डोक्यामागे होते आणि लागवडीत बाईचा हात पुरुषापेक्षा चपळ. एवढे श्रेय टंचाईला दिलेच पाहिजे. काम संपेपर्यंत तात्कळत ठेवणारा आणि हिशेबात चालढकल करणारा मालक आता टोळीला सहज सोडता येतो, तोही फायदा थोडा नव्हे.

दर नव्हे, दिवस मोजा

परंतु मजुराचे घर एकरी दरावर चालत नाही, वर्षाच्या बेरजेवर चालते. येथे साधी त्रैराशिकाची रीत वापरून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका बाईला पूर्वी ३०० रुपये रोज मिळत होता आणि वर्षाकाठी शेतात १०० दिवस काम मिळत होते. तिची कमाई झाली ३०,०००. आता मक्त्यात तिला दिवसाला ४०० पडतात, पण कामाचे दिवस ७५ वर आले. कमाई पुन्हा ३०,००० च. दर एक-तृतीयांशाने वाढला, गावभर बोभाटा झाला, आणि तिच्या फडक्यात गाठ मारायला नवा पैसा आला नाही. मधल्या काळात तेल, डाळ आणि औषधपाणी महागले ते वेगळेच.

दिवस का कमी व्हावेत? टंचाईला शेतकऱ्याने दिलेले उत्तर हेच त्याचे कारण. निंदणी हे बायकांचे सर्वात हुकमी काम होते. लागवड आणि काढणी यांच्या मधल्या रिकाम्या आठवड्यांत तेच चूल पेटती ठेवीत असे. मजूर मिळेनात म्हणून तणनाशकाची फवारणी आली आणि निंदणीचे दिवस आटले. नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरकडे गेली, पाणी भरण्याचे काम ठिबकने कमी केले. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, त्याला पीक वाचवायचे आहे. पण परिणाम असा झाला की वर्षातल्या दहा-बारा आठवड्यांत मजूर मिळत नाही आणि उरलेल्या चाळीस आठवड्यांत मजुराला काम मिळत नाही. ‘मजूर मिळत नाही’ ही तक्रार पहिल्या दहा-बारा आठवड्यांत होते आणि वर्तमानपत्रात छापून येते. दुसरी छापली जात नाही.

मक्त्याला आणखी एक बाजू आहे. मक्त्यात दिवसाचे तास मोजले जात नाहीत. एका दिवसात एकर उरकायचे म्हणून उन्ह चढेपर्यंत आणि उन्ह उतरेपर्यंत जे राबणे होते, त्यामुळे ‘दिवसाला ४००’ हा आकडा दीड दिवसाच्या कामाचा असू शकतो. म्हाताऱ्या बाईला टोळी बरोबर घेत नाही, कारण वाटणी डोक्यामागे आणि हात मंद. रोजंदारीत तिला कमी का होईना, जागा होती.

उचल, पेशगी आणि बंद दार

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. टंचाईचा फायदा मजुराला कोणत्या वाटेने मिळतो? एकाच वाटेने. ‘इथे परवडत नाही, पलीकडच्या शेतात जातो’ असे त्याला म्हणता आले पाहिजे, आणि म्हटल्यावर खरोखर जाता आले पाहिजे. ही पलीकडे जाण्याची वाट बंद असेल तर टंचाई कितीही असो, ती मालकाची अडचण ठरेल, मजुराची कमाई ठरणार नाही.

ही वाट बंद करण्याचे सर्वात जुने साधन म्हणजे उचल. पावसाळ्यात काम नसते, घरात लग्न असते, आजारपण असते. अशा वेळी मुकादम पुढील हंगामाच्या कामापोटी पैसे देतो. हंगाम आला की ज्याची उचल घेतली त्याच्याच कामावर जायचे आणि ज्या दराने तो नेईल त्या दराने जायचे. शेजारच्या शिवारात शंभर रुपये जास्त मिळत असले तरी त्याचा उपयोग नाही.

मालेगावच्या यंत्रमागावर हीच गोष्ट पेशगी या नावाने चालते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हे शहर उभे केले. हातमाग गेले, यंत्रमाग आले आणि आज लाखांनी मोजावे इतके माग तेथे आहेत. बारा तासांची पाळी, शुक्रवारची सुट्टी, मजुरी कापडाच्या मापावर. तेथेही कारखानदाराच्या तोंडी तीच तक्रार असते, की कारागीर मिळत नाही, नवी पिढी मागावर बसायला तयार नाही. मग दर वाढतो का? वाढतो, पण रडतखडत. त्याऐवजी पेशगी वाढते.

हे का घडते त्याचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन समजेल. मागावरचा दर वाढवायचा तर तो सर्व कारागिरांना द्यावा लागतो, आणि एकदा दिलेला दर मंदीत मागे घेता येत नाही. पेशगी मात्र एकट्याला देता येते. ती खर्चात पडत नाही, येणे म्हणून वहीत राहते आणि मजुरीतून कापून वसूल होते. शिवाय पेशगी घेतलेला माणूस दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकत नाही. जायचे असेल तर नव्या मालकाने जुन्याची पेशगी फेडावी लागते, म्हणजे माणूस सुटत नाही, केवळ त्याचे कर्ज एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते. अशा रीतीने टंचाईतून मजुराला वाढीव मजुरीऐवजी वाढीव कर्ज मिळते! बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की कारागिराला हजारो रुपये आगाऊ मिळतात, त्याला काय कमी आहे?

या ठिकाणी आपल्या वाचकांपुढे एक प्रश्न ठेवणे आवश्यक वाटते. कर्ज देणाऱ्याने कर्जाच्या बळावर घेतलेला लाभ व्याजात मोडतो, हा फिक्हमधील प्रसिद्ध नियम आहे. व्याजापासून चार हात दूर राहणारे, बँकेतल्या ठेवीचे व्याजही घरात न आणणारे कितीतरी कारखानदार आपल्यात आहेत आणि त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पेशगीवर रुपयाचे व्याज न लावता, त्या पेशगीमुळे कारागीर चालू दरापेक्षा कमी दराने बांधला जात असेल, तर तो फरक काय म्हणावा? मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. मजुरी घामाच्या सहा महिने आधी देऊन माणूसच बांधून ठेवणे हे त्या शिकवणीत बसते का, हे उलेमांना विचारले पाहिजे. कर्ज-ए-हसना म्हणून दिलेली रक्कम कामाच्या अटीपासून वेगळी ठेवणे अशक्य नाही. वहीत दोन पाने करावी लागतील, एवढेच.

देशाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानुसार घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणसाने दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावले, तर ती वेठबिगारीच ठरते. मग तिला उचल म्हणा की पेशगी. कायद्याची अंमलबजावणी हा वेगळा आणि कष्टाचा विषय आहे.

आखातातील दाखला

दार उघडे असणे किती मोलाचे असते याचा उत्तम दाखला आखातातला आहे, आणि आपल्या समाजातील किती घरांची चूल आखातावर पेटते हे सांगायला नको. तेथील कफील पद्धतीत परदेशी कामगार एका मालकाशी बांधलेला असे. करार संपला तरी त्या मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नसे, मायदेशी परतावे लागे. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०११ पासून हा नियम सैल केला आणि करार पूर्ण झाल्यावर जुन्या मालकाच्या परवानगीवाचून नवा मालक धरण्यास मुभा दिली. सुरेश नायडू, यॉ न्यार्को आणि शिंग-यी वांग या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील वेतनाच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला, की ज्यांचे करार या बदलानंतर संपले त्यांची कमाई सुमारे १० टक्क्यांनी वाढली. गंमत अशी, की त्यातले पुष्कळसे मालक सोडून गेलेच नाहीत. जाता येते, एवढे मालकाला कळले आणि त्याने पगार वाढवला. कतारनेही २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढून टाकली.

अमेरिकेतही तेच दिसले. कोरोनानंतर तेथे कामगारांची मोठी चणचण झाली. डेव्हिड ऑटर, अरिंद्रजित दुबे आणि ॲनी मॅकग्रू यांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार सर्वात तळच्या पगारांत सर्वाधिक वेगाने वाढ झाली. पण वाढ कोणाची? प्रामुख्याने कमी शिकलेल्या, तरुण आणि नोकरी बदलणाऱ्या कामगारांची. त्याच वेळी महागाई रोखण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला, आणि कामगार बाजारातील ताण कमी व्हावा अशी इच्छा उघड बोलून दाखविली. कांद्याला निर्यातबंदी, तसे ते.

इतिहासात मागे गेले तर १३४८ च्या महामारीचा दाखला आहे. त्याच साथीत ट्युनिस येथे इब्ने खलदून यांचे आईवडील गेले. इंग्लंडमध्ये मजूर इतके कमी झाले की राजाने १३४९ मध्ये आदेश आणि १३५१ मध्ये कायदा काढून मजुरी साथीपूर्वीच्या दराला बांधून टाकली. कायदा टिकला नाही, कारण मजूर रातोरात दुसऱ्या जमीनदाराच्या गावी जात आणि तो जमीनदार गुपचूप जास्त देई. कालांतराने तेथील मजुरी वाढली. मिसरमध्ये माणसे तितकीच मेली, पण मम्लूक अमलदारांची जमिनीवरची पकड एकजुटीची होती आणि कालव्यांची निगा मोडली, म्हणून शेतकऱ्याला टंचाईचा फायदा मिळाला नाही, असे इतिहासकार स्टुअर्ट बॉर्श यांनी मांडले आहे. सर्वच अभ्यासकांना ते मान्य नाही, काहींच्या मते तेथेही मजुरी चढली होती. वाद काही असो, एकाच साथीने सगळीकडे एकच निकाल दिला असे कुणीही म्हणत नाही.

एकट्याची आणि संघाची गोष्ट

आपल्याकडे परत येऊ. महाराष्ट्रातल्या ऊसतोड कामगारांपेक्षा अधिक उचलीत बुडालेला मजूर शोधून सापडणार नाही. तरीही जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनामागे २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले. तोडणी मजूर मिळत नाहीत ही कारखान्यांची ओरड त्याआधी कित्येक हंगाम चालू होती, पण ओरडीने दर वाढला नाही. संघटना एकत्र बसल्या, साखर संघाशी करार झाला, तेव्हा वाढला. मुकादमाचे कमिशनही त्याच करारात १९ वरून २० टक्के झाले, हे विसरू नये. टंचाईत मुकादमाचा भावही वधारतो. दुसरीकडे ऊसतोडणी यंत्रांसाठी सरकारी अनुदानाची योजना २०२३ मध्येच आली होती. टंचाईला यंत्र हे उत्तर येथेही तयार आहे.

नामपूरच्या आवारात रोज दिसणारा हमाल हा याचाच दुसरा नमुना. हमालांना संरक्षण मिळाले ते हमाल कमी होते म्हणून नव्हे. उलट मुंबईच्या बाजारपेठांत हमालीसाठी माणसांची रीघ होती. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने मंडळे आली आणि मजुरीवर लेव्ही आली. त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार यांची सोय झाली. मजुरांचा सुकाळ असतानाही मिळालेला हा फायदा आहे. पण एप्रिल २०२४ मध्ये काय झाले ते आठवावे. नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्टीतून हमाली-तोलाई कापण्याचे बंद केले आणि लेव्ही कोणी भरायची या वादात जिल्ह्यातील बहुतेक बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद पडले. शेतकऱ्याचे म्हणणे असे, की माझा कांदा ट्रॅक्टरमध्ये उभ्याउभ्या विकला जातो, वजन इलेक्ट्रॉनिक भुईकाट्यावर होते, मग तोलाई कसली? त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. हमालाचा कायदा कायम आहे, त्याचे काम मात्र भुईकाट्याने हळूहळू काढून घेतले.

मालकांची एकजूट मात्र गाजावाजा न करता होते. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच लिहून ठेवले आहे, की कामगार एकत्र आले की सर्वांना दिसते, मालक एकत्र आलेले कुणाला दिसत नाही. नामपूर-सटाण्याकडे हंगामाच्या तोंडावर ‘यंदा अमुक दरापेक्षा कुणी जास्त देऊ नये’ अशी चर्चा पारावर होणे अशक्य नाही. असल्या ठरावांना पहिल्या भरून आलेल्या आभाळातच तडा जातो, ही शेतमजुराच्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट. मागवाल्यांकडे आभाळ येत नाही. तेथे मंदीत माग बंद ठेवण्याचे ठरले की सारे मिळून बंद ठेवतात, आणि मापावर मजुरी घेणाऱ्या कारागिराचा तो आठवडा कोरडा जातो. पेशगी मात्र वहीत तशीच राहते.

शेतकऱ्याची बाजू

न्यायाने बोलायचे तर शेतकऱ्याची अडचण खरी आहे. मजुरी लागवडीला आणि काढणीला रोख द्यावी लागते, कांद्याचा भाव त्यानंतर कळतो. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके कोसळले की राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, सानुग्रह अनुदान जाहीर करावे लागले. ते अनुदान शेतकऱ्याच्या नावाने आले. त्या वर्षी ज्यांना कमी काम मिळाले त्या मजुरांच्या नावाने काही आले नाही. भाव पडल्यावर पुढल्या वर्षी क्षेत्र घटते आणि पहिला फटका मक्त्याला बसतो. म्हणजे शेतकरी आणि मजूर एकाच दोरीला बांधलेले आहेत, मात्र दोरी ओढली जाते ती दिल्लीच्या बाजूने. ‘मजुरांनी शेतकऱ्याला नागवले’ असे म्हणणाऱ्यांनी निर्यातबंदीच्या पाच महिन्यांचा हिशेब आधी मांडावा.

सरकारचे दुसरे दार

मजुराला पलीकडचे दार सरकारनेच उघडून द्यावे, ही कल्पना जन्मली महाराष्ट्रात. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात खेडोपाडी पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिचे खरे महत्त्व खडी फोडण्यात नव्हते. गावचा बागायतदार फारच कमी देऊ लागला, तर मजुराला ‘रोहयोवर जातो’ म्हणता येत असे. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेवरची मजुरी दुप्पट झाली, आणि त्यानंतर कामे मात्र कमी निघू लागली. येथेही दर वाढला आणि दिवस घटले, आमच्या वरच्या त्रैराशिकासारखेच. पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याखाली महाराष्ट्रासाठी २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज असा ठरला होता. कांद्याच्या हंगामात कोणी त्यासाठी वळणार नाही, पण कांदा नसलेल्या चाळीस आठवड्यांत तोच आधार.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी ‘विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)’ हा नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत आणि खर्चाचा ४० टक्के वाटा बहुतेक राज्यांवर टाकला आहे. दर कागदावर वाढूनही तिजोरीअभावी कामे निघत नाहीत, हा १९८८ नंतरचा अनुभव राज्याच्या गाठीशी आहेच. त्यात आणखी एक कलम आहे, ज्याकडे मोसम खोऱ्यातील मजुराने आणि शेतकऱ्याने दोघांनीही नीट पाहावे. पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात शेतीला मजूर मिळावेत म्हणून वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवता येतील, आणि ते ६० दिवस कोणते हे राज्याने आधी जाहीर करावयाचे आहे. राज्याने हे दिवस खरिपाची पेरणी आणि काढणी पाहून ठरविले, तर नामपूरच्या उन्हाळ कांद्याला त्याचा काही उपयोग नाही, आणि साल्हेर-मुल्हेरकडच्या मजुराचे मात्र पावसाळ्यातले, म्हणजे उचल घेण्याच्या दिवसांतले काम जाईल. डिसेंबर-जानेवारी आणि मार्च-एप्रिल धरून ठरविले, तर लागवडीच्या ऐन गर्दीत एकच दार उरेल, आणि त्या दाराशी मुकादम उभा असेल. कायद्यात भागानुसार वेगवेगळे दिवस ठरविण्याची सोय आहे. सटाणा तहसील आणि नाशिक जिल्हा परिषद त्यासाठी कोणता काळ सुचवितात, हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागेल.